सुहेलीच्या फटी

मांजरेचे पाणी गोदावरीला मिळून शेवटी समुद्राला जाते, एवढाच आमच्या भालकी तालुक्याचा नि समुद्राचा संबंध. तरीही शिडाच्या एका लहानशा होडीने मला कैक वर्षे झपाटले आहे. तिचे नाव ‘सुहेली’.

मुंबईत कुलाब्याच्या कारखान्यात इथल्याच सुतारांनी ती सागवानात बांधली आणि १९६४ साली पाण्यात सोडली. लांबी अवघी ३२ फूट. हत्यारे म्हणजे वाकस, पटाशी आणि दोरीने फिरवायचा सामता! रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी तिच्यातून १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फाल्मथहून एकटाच निघाला. वाटेत कोठल्याही बंदरात न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी तो परतला. एकट्याने असे करणारा तो पहिलाच. शर्यतीत नऊ जण होते. प्रदक्षिणा पुरी करून पोचला हा एकटा.

त्या पराक्रमाचे पोवाडे पुष्कळ झाले. मला मात्र त्यातली डागडुजी आठवते. केप व्हर्दे बेटांच्या दक्षिणेला होडीत पाणी शिरू लागले. बुडी मारून पाहतो तो तळाशी, कण्याच्या दोन्ही अंगांना फळ्यांची सांध उघडलेली. हा गडी श्वास कोंडून खाली जाई, फटीत कापसाचा पीळ ठोकी; श्वासासाठी वर येईतो कापूस सुटलेला असे. अखेर त्याने किंतानाच्या पट्टीवर कापूस शिवला, डांबर फासले आणि ती पट्टी तांब्याच्या चुकांनी सांधीवर ठोकली. वर तांब्याचा पत्रा. मध्येच शार्क घिरट्या घालू लागला, त्याला गोळी घालावी लागली. पुढे वल्हवायला नव्हे, सुकाणू धरायला लावलेले स्वयंचलित यंत्रही मोडले. तेव्हा शिडेच अशी बांधायची की होडीने आपली आपण दिशा धरावी, हे त्याने साधले.

पण मला खरा चटका लावला तो पुढच्या हकिकतीने. सुहेलीला लंडनमधल्या ग्रीनिचच्या संग्रहालयात मानाने ठेवले होते. तिथल्या कोरड्या हवेने तिच्या फळ्या आकसू लागल्या. सातासमुद्रांना न जुमानणारी होडी मानपानाने मरू लागली! मालकाने २००२ साली तिला तिथून काढले आणि पुन्हा दुरुस्त करायला घेतले.

आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात गाडीचे चाक वाळते, आरे खिळखिळे होतात, धाव सैल पडते. मग चाके काढून डोहात टाकतात. लाकूड फुगले की चाक पुन्हा घट्ट. माझे वडील, आप्पा, सुतारच. वैशाखात आमच्या दारात अशी चाके टेकलेली असत. आता गाड्यांना रबरी टायर आले आणि आप्पाही गेले.

त्यांची हत्यारांची पेटी माझ्याकडे आहे. शाळेच्या नव्या सभागृहात ती काचेच्या कपाटात मांडावी, खाली आप्पांच्या नावाची पितळी पाटी लावावी, असे संस्थेतल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे. माणसे प्रेमाची, नाही म्हणायला जड जाते. वर्ष झाले, मी होकार दिलेला नाही.

गल्लीतला एक पोरगा, दहावीला दोनदा गचकलेला, फर्निचरच्या दुकानात कामाला आहे. “सर, वाकस देता का दोन दिस?” म्हणून तो अधूनमधून येतो. परत आणतो तेव्हा त्याला धार लावलेली असते.