कचऱ्यावरचें वन

मुंबईंत शीव आणि वांद्रें यांना जोडणाऱ्या रस्त्यालगत, धारावीच्या शेजारीं, मिठी नदीच्या कांठीं सुमारें ३७ एकरांचें दाट वन उभें आहे. महाराष्ट्र निसर्ग उद्यान हें त्याचें नांव. सृष्टिशोभेसाठीं माथेरान-महाबळेश्वरची वाट धरणाऱ्या आम्हां नगरवासीयांस त्याची आठवण सहसा होत नाहीं. शिवाय त्या वनाच्या मुळांखालीं काय आहे, हेंही फार थोड्यांस ठाऊक असतें.

येथें पूर्वीं शहराचा कचरा पडत असे. आमच्याच घराघरांतून निघालेला केर वर्षानुवर्षें सांचून त्याचे ढीग झाले होते. १९८३ सालीं थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्तें येथें पहिलें झाड लागलें आणि १९९४ सालीं उद्यान लोकांस खुलें झालें. आज झाडांचीं पानें गळतात, तेथेंच कुजतात आणि त्यांची माती होते. पावसाचें पाणी तळ्यांत सांठवून झाडांस दिलें जातें.

शाळांचीं मुलें येथें शिकावयास येतात. कढीनिंबावरची अळी दिसतांच आमच्या घरांतून ती झटकून टाकण्याची रीत आहे. परंतु लहानपणीं पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसून शत्रूस फसविणारी आणि पुढें हिरवीगार होणारी ती अळी म्हणजेच उद्यांचें फुलपाखरूं, हें एकदां पाहिलेलें मूल तिला सहसा झटकणार नाहीं. कांठाकडील तिवरांचीं मुळें चिखलांतून बोटांसारखीं वर कां येतात? चिखलांत हवा नसते; तीं श्वासासाठीं वर येतात.

मात्र त्याच चिखलांत आजही शहराची घाण वाहून येते. विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून निघून माहीमच्या खाडीस मिळणाऱ्या या नदीचें नांव मिठी. पाणी मात्र तसें उरलेलें नाहीं. तिचा प्रवाह आम्हीं भराव घालून आणि केर टाकून आकुंचित केला. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां तीच नदी लोकांच्या घरांत शिरली.

येत्या सुटींत वाचकांनीं मुलाबाळांसह हें वन अवश्य पाहावें. आपल्या घरचा आजचा केर कोठें जातो, असें मुलें परतीच्या वाटेवर विचारतील. त्याचें उत्तर घरांतील वडील मंडळींनीं तयार ठेवावें. आणि तें देतांना संकोच वाटला, तर ओला व सुका केर वेगळा ठेवण्यास त्याच दिवशीं प्रारंभ करावा.