वरच्या मजल्यावरचा कॅडी

आम्ही खरडला राहतो. नातेवाइकांना पत्ता सांगताना दर वेळी ‘चंदीगडजवळ’ असं शेपूट जोडावं लागतं, तसं तुम्हालाही जोडूनच सांगते.

आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा चंदीगडच्या एका गोल्फ क्लबात कॅडी आहे. म्हणजे खेळणाऱ्याची जड बॅग घेऊन अठरा होल त्याच्यामागे चालायचं. पहाटे पाचला त्याची बाईक सुरू होते आणि माझी झोप जाते. मागच्या महिन्यात तो एक फॉर्म घेऊन खाली आला. ‘आंटीजी, इंग्रजी जरा बघाल?’ व्यावसायिक गोल्फपटू होण्यासाठीच्या पात्रता स्पर्धेचा फॉर्म होता. फी बघून मीच दचकले. म्हटलं, ‘अरे, हा बड्या लोकांचा खेळ. हे पैसे कुठल्या तरी कोर्सला भर.’

तो वाद घालत बसला नाही. ‘अली शेर माहीत आहे तुम्हाला?’ एवढंच विचारलं. मला माहीत नव्हतं.

रात्री मोबाइल घेऊन बसले, आणि माझं सगळं उलटंच निघालं. तुम्हीही माझ्यासारखे असाल तर ऐका. पहिली ‘ओपन’ स्पर्धा 1860 मध्ये स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला झाली. खेळणारे फक्त आठ. बारा होलचं मैदान, एकाच दिवसात तीन फेऱ्या. विली पार्क 174 फटक्यांत जिंकला. तो लहानपणी कॅडीच होता. दुसरा आला टॉम मॉरिस, त्याच मैदानाची निगा राखणारा. बक्षीस म्हणून चामड्याचा पट्टा मिळाला, पैसे नाहीत. ‘व्यावसायिक’ हा तेव्हा मानाचा शब्दच नव्हता. पैशासाठी खेळणारा म्हणजे नोकरमाणूस. साहेबलोक हौशी.

पुढे साठ वर्षांनीही या खेळाडूंना अनेक क्लबांच्या इमारतीत पाय ठेवता येत नव्हता. 1920 च्या ब्रिटिश ओपनला वॉल्टर हेगनने आपली आलिशान मोटार क्लबासमोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले. (मला हा माणूस फार आवडला.) त्याच वर्षी अमेरिकेत टोलेडोच्या इन्व्हर्नेस क्लबाने यूएस ओपनच्या वेळी व्यावसायिकांना दार उघडलं.

आपल्याकडे इंडियन ओपन 1964 मध्ये सुरू झाली. पहिला विजेता ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन. पुढच्याच वर्षी पी. जी. सेठी जिंकले, पण ते हौशी. भारतीय व्यावसायिकाला ती जिंकायला 1991 उजाडलं. तो अली शेर. दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी म्हणून वाढलेला. 1993 मध्ये तो पुन्हा जिंकला. 2016 आणि 2017 मध्ये लागोपाठ जिंकलेल्या एसएसपी चौरासियाचे वडील कोलकात्यात मैदानाची निगा राखायचे.

इथे चंदीगडात गोल्फ म्हटलं की जीव मिल्खा सिंगचं नाव निघतं. 2006 मध्ये त्याने चायना ओपन आणि पाठोपाठ स्पेनमध्ये व्होल्वो मास्टर्स जिंकली, 2007 मध्ये मास्टर्स स्पर्धेत खेळणारा पहिला भारतीय ठरला. पण ऑलिंपिकपटू वडील आणि व्हॉलीबॉलची कप्तान आई असलेल्या मुलाचं उदाहरण वरच्या मजल्याला लागू पडत नाही. आमच्या ह्यांनी पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळल्याचं सांगितलं. तेही मी बाजूला ठेवलं. अली शेर पुरेसा होता.

तरी काळजी जात नव्हती. अली शेर एक. बॅगा उचलून म्हातारे झालेले किती, ते कोण मोजतं? व्यावसायिकाला पगार नसतो. प्रवास, राहणं, कॅडी, सगळं पदरचं, आणि चारपैकी दोन फेऱ्यांनंतर गुणतक्त्यात खाली राहिलात की बहुतेक स्पर्धांतून रिकाम्या हाताने घरी.

दुसऱ्या संध्याकाळी फॉर्म भरायला बसलो. त्याची आईही खाली आली. ‘दीदी, पैसे बुडणार तर नाहीत?’

मी म्हटलं, ‘बुडू शकतात.’ मग अली शेरचं सांगितलं. तिला तो पाठ होता. मुलगा रोज ऐकवतो म्हणे.

फॉर्मवर फोटो लावायचा राहिला होता. तिने ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि पासपोर्ट साइजचे चार फोटो माझ्यापुढे ठेवले.