राखेतली पावलं

कोंबड्या माझ्या नव्हत्या. त्या आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या. नोकऱ्या संपवून आम्ही दोघं ठाण्याहून संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत राहायला आलो, तेव्हा आईंचे गुडघे गेले होते आणि खुराड्यापुढे वाकणं त्यांना जमत नव्हतं. त्यामुळे १४ गावठी कोंबड्या आणि एक तिरसट कोंबडा आपसूक माझ्या गळ्यात पडला. मला वाटलं, सकाळी कणी टाकायची, अंडी गोळा करायची, कातरवेळी दार लावायचं. त्यात काय एवढं?

मार्गशीर्षातल्या एका सकाळी दार उघडलं तर नेहमीसारखी धावपळ नाही. आत तीन कोंबड्या आडव्या पडलेल्या. तिघींनाही मुंडकी नव्हती. एकीची गळ्याखालची पिशवी फाडलेली, आणि आदल्या संध्याकाळी मीच टाकलेली कणी, न पचलेली, पांढरी, तिच्या पिसांवर सांडलेली. बाकीचं अंग जसंच्या तसं. उरलेल्या अकराजणी आणि कोंबडा एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून गप्प उभे होते. कोंबडीला अंधारात जवळजवळ काही दिसत नाही. शेजारणीचा जीव जाताना ऐकायचं आणि बसून राहायचं, एवढंच त्या रात्री त्यांच्या हातात होतं.

तासाभरात अर्धी वाडी अंगणात जमली. एक काका म्हणाले, मुंगूस. दुसऱ्यांनी रानमांजराची शपथ घेतली. एकाने बिबट्याचं नाव काढलं, ते मात्र कुणी मनावर घेतलं नाही. बिबट्या आला असता तर मुंडकं खाऊन धड आमच्यासाठी ठेवून गेला नसता. आई पडवीत बसून सगळं ऐकत होत्या. मंडळी पांगल्यावर मला म्हणाल्या, "कोण आलं ते राहू दे गो. कुठून आलं ते बघ."

मला ते पटेना. तीन कोंबड्या गेल्या होत्या, मला गुन्हेगार हवा होता. आईंनी माझं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढी हौस असेल तर राख टाक."

चुलीतली राख चाळणीने चाळून खुराड्याभोवती पसरली, चिऱ्याच्या कठड्यावरही टाकली. ओळख पटवायला आमच्या बंड्या कुत्र्याला धरून त्याचे पाय राखेत दाबून पाहिले. कुत्र्याची चार बोटं उमटतात आणि पुढे नखांची टिंबं. बंड्याच्या उजव्या पुढच्या पायाची मात्र तीनच. पिल्लू असताना ओंडक्याखाली सापडून एक बोट गेलं होतं. मग मांजराचे पाय: बोटं चारच, पण नखं आत घेतलेली, त्यामुळे टिंबं नाहीत. दोन रात्री राखेत उंदरांखेरीज कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या सकाळी जमिनीवर काहीच नव्हतं आणि कठड्यावर होतं. पाच बोटांचं, गुबगुबीत, लहान मुलाने तळवा टेकावा तसं. मुंगसाचीही पाच बोटं उमटतात, पण मुंगूस दिवसाचा धंदेवाला. हा रात्रीचा आणि वरून येणारा. कांडेचोर, म्हणजे उदमांजर!

मान वर केली तेव्हा आईंच्या प्रश्नाचं उत्तर दिसलं. फणसाची एक फांदी खुराड्याच्या छपरावर टेकली होती आणि तिथलंच कोपऱ्यातलं कौल चार बोटं सरकलेलं होतं. उदमांजराच्या अंगाला तेवढी फट पुरते. एरवी बहुतेक फळांवर राहणारं हे जनावर, पण वाटेत उघडं घर लागलं तर ते कशाला सोडेल? फांदी तोडली. कौलांखाली जाळी ठोकली. कांडेचोर नंतरही राखेत दिसत राहिला, कठड्यावर येऊन माघारी गेलेला.

देवरुखहून जाळी आणली तीच चुकीची निघाली. षटकोनी भोकांची, दुकानात कोंबड्यांची जाळी म्हणूनच मिळणारी. तिच्यामुळे कोंबडी बाहेर जात नाही हे खरं, पण बाहेरचा आत येत नाही हे तिने कधी कबूल केलेलं नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो. साप तिच्यातून सहज जातो. हे मला आषाढात समजलं.

अंडी कमी होत होती. टरफल नाही, ओल नाही, काही नाही. एका पहाटे पाहते तर खिडकीच्या जाळीत नाग अडकलेला. रिकाम्या पोटी ज्या भोकातून आला, त्याच भोकातून दोन अंडी गिळून निघाला होता. पुढचं अर्धं अंग बाहेर, फणा अर्धवट काढलेला. मागचं आत, आणि मधे तो अंड्याचा फुगवटा तारेला अडून बसलेला. जितकं पुढे रेटावं तितकी तार खवल्यांत रुतत होती. सर्पमित्राला बोलावलं. पोरगा विशीतलाही नसेल. त्याने नागाचं तोंड नळीत घेतलं आणि पकडीने एकेक तार तोडली. सुटल्यावर नागाने दोन्ही अंडी ओकून टाकली. अख्खी, ओली, चकचकीत. आईंनी ती माडाच्या बुंध्याशी पुरायला लावली. पोराने जाताना सांगितलं, "काकी, अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा. त्याचाही जीव वाचेल."

ती लावली. तळाशी घूस बीळ पाडत होती, म्हणून खुराड्याच्या पायाशी दीड फूट रुंद जाळी जमिनीवर बाहेरच्या बाजूला आडवी अंथरली, वर माती आणि दगड. उकरणारं जनावर सहसा भिंतीच्या अगदी मुळाशी उकरतं. तिथे तार लागली की थोडं मागे सरून खणावं हे त्याला सुचत नाही.

रात्र अशी बंदोबस्तात गेली तरी दिवस उघडाच होता. गावठी कोंबडी कोंडून ठेवली तर ती गावठी कसली? दिवसा घार, शिक्रा, मुंगूस. पिल्लं असली की आई पडवीत बसूनच पहारा करायच्या, आणि तेही न बघता, नुसतं ऐकून. कोंबडा लांबट, बारीक, किंचाळल्यासारखा एकच सूर काढायचा, तशी आई मान वर करायच्या. पिल्लं कोंबडीच्या पोटाखाली, बाकीच्या करवंदीच्या जाळीत, सगळं स्तब्ध. पण तोच कोंबडा कॉक-कॉक-कॉक असा तुटक, मोठ्याने ओरडायला लागला की आई गडग्याकडे बघायच्या आणि काठी आपटायच्या. पहिली हाक आभाळाची, दुसरी जमिनीची. मी हे मुलाला फोनवर सांगितलं तर त्याने शोधून काढलं की १९९३ साली ख्रिस्तोफर इव्हान्स, लिंडा इव्हान्स आणि पीटर मार्लर यांनी कोंबड्यांना डोक्यावरच्या पडद्यावर शिकारी पक्षी आणि समोरच्या पडद्यावर रॅकून दाखवून हेच सिद्ध केलं होतं. आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग? कोंबडं काय उगाच ओरडतं?"

मधे एकाने फासकी लावून द्यायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. मुंगूस काय, घोरपड काय, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, हे एक कारण. दुसरं, आमच्या भागात डुकरांसाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकून मरतात. आणि खरं सांगायचं तर तोवर मला राख वाचायची चटक लागली होती. रोज सकाळी चहाआधी मी कठड्यापाशी. लोक पेपर वाचतात तसं.

मग शिमगा आला. पालखी आमच्या वाडीत होती. दुपारपासून घरात माणसं, नैवेद्य, ढोल. पालखी नाचवायला मुंबईहून पोरं आलेली. रात्री दीड वाजता घरी आले आणि तशीच आडवी झाले.

सकाळी दार उघडंच होतं. कडी मी लावलीच नव्हती.

सात कोंबड्या अंगणभर पडल्या होत्या. एक तुळशीपाशी, दोन नळाच्या कट्ट्याखाली, एक पार गडग्यापर्यंत. मुंडकी जागेवर, पोटं जागेवर, कुणाचं काही खाल्लेलं नाही. नुसतं धरलं, झिंजाडलं, टाकलं, आणि पुढचीच्या मागे लागलं. शेजारचे काका आले आणि लगेच म्हणाले, "कांडेचोर. परत आला बघा तुमचा."

मी काही बोलले नाही. ते गेल्यावर खुराड्याच्या दारापाशी वाकले. आदल्या दिवशीची राख तशीच होती. चार बोटं, पुढे नखांची टिंबं. आणि उजवीकडे, पुन्हा पुन्हा, आत जाताना आणि बाहेर येताना, तीन.

बंड्या मांगरामागे होता. हाक मारली तरी आला नाही.

आई काठी टेकत कधी मागे येऊन उभ्या राहिल्या कळलंच नाही. त्यांनी राखेकडे पाहिलं. मग काठी भिंतीला लावली, खराटा उचलला, आणि दुखत्या गुडघ्यांनिशी वाकून दारापासून झाडायला सुरुवात केली.

आता संध्याकाळी कडी मीच लावते. मी पडवीत पोचले की आई हळूहळू जातात आणि ती एकदा ओढून बघतात.