शिंक दाबली आणि

वरची डावी दाढ काढून सात वर्षं झाली होती. तिथे काहीच बसवलं नव्हतं. गेल्या वर्षी इम्प्लांटसाठी आमगावहून नागपूरला गेलो. स्कॅनमध्ये हाड जेमतेम ३ मिलिमीटर निघालं. दाढ गेली की हाड झिजतं आणि वरची सायनसची पोकळी खाली उतरते, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. म्हणून आधी सायनस लिफ्ट.

यात हिरडी उघडून हाडाला गालाकडून लहानशी खिडकी पाडतात. सायनसचा पातळ पापुद्रा अलगद वर उचलतात आणि खाली भुकटी भरतात. तिच्या आधाराने आपलं हाड हळूहळू वाढतं. भुकटी कशाची आहे ते आधी विचारा. काही जनावरांच्या हाडाची असते, काही कृत्रिम. मी कृत्रिम घेतली.

ऑपरेशन दुखलं नाही. गाल मात्र तीन दिवस डोळ्यापर्यंत सुजला होता.

चूक माझी झाली ती तारखेत. ऑक्टोबरचा शेवट, घरासमोर धानाची मळणी सुरू. "काका, नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अकराव्या दिवशी धुळीने शिंक आली. अंगणात पाहुणे बसले होते, म्हणून लाजेने नाक-तोंड दाबलं. रात्री नाकातून रक्त आलं, सोबत रव्यासारखे पांढरे कण. फार घाबरलो. सकाळच्या गाडीने नागपूर गाठलं. पापुद्र्याला बारीक भोक पडलं होतं. औषधं सुरू झाली. मळणी संपेपर्यंत मी सालेकशाला बहिणीकडे राहिलो.

मग सात महिने नुसतं थांबणं. हाड वाढतंय की नाही, बाहेरून काही कळत नाही. रोज जिभेने चाचपायचो. दुसऱ्या महिन्यात दोनदा खर्राही खाल्ला. तंबाखूने हाड नीट भरत नाही, हे माहीत असून. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाच कबूल केलं. त्यानंतर बंद.

जूनच्या स्कॅनमध्ये हाड ८ मिलिमीटर भरलं होतं. थोडी भुकटी वाया गेली, तरी आखूड इम्प्लांट बसलं. चार महिन्यांनी वर दात चढवला. परवा त्या बाजूने लाखोळीच्या डाळीचे वडे खाल्ले.

उजवीकडची दाढ आता हलते आहे. ती काढली तर त्याच दिवशी खड्ड्यात भुकटी भरता येईल का, हे विचारून आलो. येते म्हणाले. तारीख पावसाळ्यातली मागितली आहे.