दोन तांबट

वैशाखातल्या उन्हाने सिद्धेश्वराच्या तळ्याभोवतीचे रस्ते ओस पाडले, दुकानदारांनी पडदे ओढून घेतले आणि अवघे सोलापूर निपचित पडले, की ज्याचा उद्योग तेव्हाही अखंड चालू असतो असा जीव म्हणजे पिंपळाच्या शेंड्यावरचा तांबट. मिनिटाला शंभरावर ठोके तो देतो, आणि तेही चोच मिटून. कंठाची उघडी कातडी तेवढी प्रत्येक ठोक्यासरशी फुगते, आणि मान सारखी इकडून तिकडे वळत असल्यामुळे नाद कधी या फांदीतून तर कधी त्या फांदीतून आल्याचा भास होऊन शोधणारा पिंपळाला उगाच प्रदक्षिणा घालीत राहतो. पाठ हिरवी, कपाळ किरमिजी, गळा पिवळाधमक, त्याखाली पुन्हा किरमिजी पट्टा, आणि फिकट पोटावर हिरव्या रेघोट्या.

गोव्याच्या रानांपासून केरळापर्यंत सह्याद्रीच्या ओलसर पट्ट्यात त्याचा भाऊबंद, मलबारी तांबट, नांदतो. अंगलट तीच, वड-उंबरांच्या फळांची आसक्तीही तीच. मात्र पिवळाधमक गळा तेथे नाही, कपाळापासून कंठापर्यंत सारे किरमिजी, पोट निखळ हिरवे, आणि ठोका अधिक द्रुत. पक्षिशास्त्रज्ञ ब्लाइथने १८४७ साली त्याचे वर्णन केले, तरी पुढे दीर्घकाळ विद्वानांच्या दप्तरी तो सिंहलद्वीपातील तांबटाचा पोटभेद म्हणूनच नोंदला गेला; स्वतंत्र जातीची सनद त्यास फार उशिरा मिळाली.

कॉफीच्या मळ्यांत दोघांचे मुलूख एकमेकांस भिडतात. रूपाच्या दरबारात मलबारी तांबटच मानकरी, हे मान्य. परंतु सदाहरित रानाचा ओलावा सुटला की त्याचा अंमलही संपतो, आणि आमचा मात्र पाकिस्तानपासून फिलिपाइन्सपर्यंत जेथे फळता वड-पिंपळ असेल तेथे वहिवाट सांगतो. सोलापूरकराचा पक्षपात म्हणा हवे तर, पण माझा कौल यालाच.

त्याची एकच अट असते: वठलेली फांदी. शेवग्याच्या किंवा पांगाऱ्याच्या मऊ, मेल्या लाकडाला खालच्या अंगाने तो वाटोळे बीळ कोरतो, आणि विणीचा हंगाम सरल्यावरही रात्रीच्या निवाऱ्याला तेथेच जातो. वठलेले लाकूड धोक्याचे, असा शेरा मारून आपण कुऱ्हाड चालवतो. रस्त्यावर झुकलेल्या फांदीपुरते ते रास्तही आहे, पण परसातल्या शेवग्याने कोणाचे काय घोडे मारले आहे?