एल चोरिलोच्या गल्लीत

अंकॉन टेकडीवरून पनामा शहर एका नजरेत मावतं. एका अंगाला कालव्याकडे निघालेली जहाजं, दुसऱ्या अंगाला काचेच्या उंच इमारती आणि पायथ्याशी एल चोरिलो ही गरिबांची वस्ती. टेकडी उतरून मी आधी तिथेच गेले. कालवा खोदणाऱ्या मजुरांसाठी इथे लाकडी चाळी उठल्या होत्या. आज बहुतेक काँक्रीटच्या इमारती दिसतात. गॅलरीत कपडे वाळताहेत, गल्लीत पोरं चेंडू खेळताहेत.

चाळी गेल्या 20 डिसेंबर 1989 च्या रात्री. हुकूमशहा मॅन्युएल नोरिएगाचं लष्करी मुख्यालय याच वस्तीत होतं. एकेकाळी सीआयएकडून पैसे घेणारा हा माणूस पुढे अमेरिकेलाच नकोसा झाला. अमली पदार्थांच्या व्यापाराचे गुन्हे तिथल्या न्यायालयात दाखल झाले. त्या रात्री सुमारे 27,000 अमेरिकी सैनिक कारवाईत उतरले. मुख्यालयावर मारा झाला, आग लागली आणि लाकडी वस्ती बघता बघता जळाली. नोरिएगा मात्र निसटला.

सैन्य शहरभर त्याला शोधत होतं. पकडून देणाऱ्याला 10 लाख डॉलरचं बक्षीस लागलं. 24 डिसेंबरला तो व्हॅटिकनच्या वकिलातीत शिरला.

संध्याकाळी किनाऱ्याच्या रस्त्याने मी त्या वकिलातीपर्यंत गेले. शेजारी गजबजलेला रस्ता, वाहनांची रांग. इथेच सैनिकांनी वेढा घालून कर्ण्यांवरून कानठळ्या बसवणारं रॉक संगीत लावलं होतं. आत पोपचे राजदूत लाबोआ त्याची समजूत घालत होते. अखेर 3 जानेवारी 1990 रोजी तो बाहेर आला आणि शरण गेला. अमेरिका, फ्रान्स आणि शेवटी पनामा अशा तीन देशांत त्याने कैद भोगली. 2017 मध्ये तो वारला.

जगाच्या लक्षात ते संगीत राहिलं. एल चोरिलोच्या लक्षात आग आहे. कारवाईत 23 अमेरिकी सैनिक मारले गेले, हा आकडा पक्का आहे. पनामाचे किती नागरिक गेले, यावर अजून एकमत नाही. 20 डिसेंबर हा तिथे आता राष्ट्रीय शोकदिन असतो.

पनामाला गेलात तर कालवा जरूर पाहा, पण दिवसाउजेडी तासभर या गल्ल्यांसाठीही ठेवा. एका माणसाचा शोध 15 दिवसांत संपला होता. त्याच्यापायी मेलेल्यांची ओळख पटवण्यासाठी 2020 मध्ये, तीस वर्षांनी, शहरातल्या हार्दिन दे पास दफनभूमीत पुन्हा माती उकरावी लागली.