देवगाव फाट्यावर मोटारसायकल बंद पडते तेव्हा

जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूहून आलेला रस्ता ज्या ठिकाणी मिळतो, ते ठिकाण म्हणजे देवगाव फाटा. परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्याच्या उत्तरेकडचा हा एक लहानसा बिंदू. मराठवाड्यात फाटा म्हणजे गाव नव्हे आणि शहर तर नव्हेच. एसटीची वाट पाहणारे चार प्रवासी, चहाची टपरी, पंक्चरवाला, आणि कोणत्या गावाला कोणती वाट जाते हे तोंडपाठ असलेला एखादा वृद्ध, एवढ्यावर फाट्याचा संसार उभा राहतो. कोणी येथे मुद्दाम येत नाही. पण या भागातून जाणाऱ्याला फाटा चुकवताही येत नाही.

जैन व्यापारी कुटुंबांना हा रस्ता दोन कारणांनी परिचित आहे. एक कारण व्यवहाराचे. सेलू आणि मानवत ही कापसाची नावाजलेली ठिकाणे. तेथील आडत, कापड आणि किराणा व्यापाराचे धागे आसपासच्या खेड्यांपर्यंत गेलेले असतात आणि वसुलीला निघालेला दुकानातला तरुण आजही मोटारसायकलवरच निघतो. दुसरे कारण श्रद्धेचे. फाट्यावरून चारठाण्याच्या प्राचीन मंदिरांचे अवशेष पाहत पुढे गेले की जिंतूर येते आणि जिंतूरला लागूनच नेमगिरीचा डोंगर. तेथील गुंफांची दारे इतकी ठेंगणी की वाकल्यावाचून आत जाता येत नाही, आणि आत मात्र तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती. इवल्याशा पाषाणाधारावर तोललेली, जणू अधांतरी भासणारी भगवान पार्श्वनाथांची मूर्ती पाहण्यासाठी दूरदूरचे श्रावक येतात. मोठी कुटुंबे चारचाकीने येतात. पण सेलू, मंठा, परतूर या गावांतील नवरा-बायको, किंवा दुकान बंद ठेवण्याच्या दिवशी निघालेले दोघे भाऊ, दुचाकीवरच दर्शनाला जातात.

अशा प्रवासाला एक वेळेची मर्यादा असते, ती इतरांना सहसा जाणवत नाही. ज्यांच्या घरी रात्रिभोजनाचा त्याग आहे, त्यांना सूर्यास्तापूर्वी मुक्कामी किंवा घरी पोचायचे असते. दिवे लागल्यावर प्रकाशाकडे झेपावणारे चिलटे-पाखरांचे थवे वाहनाच्या काचेवर मरतात, म्हणूनही अनेक जण रात्रीचा प्रवास टाळतात. त्यामुळे दुपारी चार वाजता नेमगिरीहून परतीला निघालेली मोटारसायकल देवगाव फाट्याजवळ एकाएकी निमाली, तर प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही. हातातला उजेड किती उरला आहे, हा हिशेब सुरू होतो.

पेट्रोल आहे, चाकात हवा आहे, आणि तरीही गाडी चालत नाही, तेव्हा बहुधा बिघाड विजेचा असतो. विजेचा बिघाड डोळ्यांना दिसत नाही म्हणून माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस नवी बॅटरी विकत घेतो. या खर्चाचा मोठा भाग वाया जातो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. मोटारसायकलच्या विजेत महागडी वस्तू एकदम मरण्याचे प्रसंग कमी. सैल झालेला स्क्रू, गंजलेला सांधा, घासून उघडी पडलेली तार, जळालेला दोन-पाच रुपयांचा फ्यूज हेच पुष्कळ वेळा कारण असते. रोजमेळ जुळत नाही म्हणून कोणी वही फेकून देत नाही. शेवटची जुळलेली बाकी कोणती, तेथून पुढे एकेक नोंद पाहिली जाते. विजेचा शोधही असाच बॅटरीपासून निघून क्रमाने पुढे न्यावा लागतो.

पहिला प्रश्न असा, की काय काय बंद आहे? चावी फिरवल्यावर दिवा, हॉर्न, इंडिकेटर सगळेच मुके असतील तर दोष उगमाशी, म्हणजे बॅटरीच्या टर्मिनलला, मुख्य फ्यूजला किंवा चावीच्या स्विचमध्ये. दिवा आणि हॉर्न चालतात, पण इंजिन पेटत नाही, असे असेल तर बॅटरीला हात लावण्याचे कारण नाही. दोष प्लगला करंट पुरवणाऱ्या वाटेवर आहे. आणि एकच वस्तू बंद असेल तर त्या वस्तूचा बल्ब, तिचा स्विच आणि तिची अर्थिंग एवढेच पाहायचे. एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर लुकलुकू लागला, तर त्या बाजूचा एक बल्ब गेला असे बहुतेक गाड्यांत खुशाल समजावे. या एका प्रश्नाने अर्धा शोध संपतो. तरीही गॅरेजमध्ये गाडी सोडताना ‘लाईटचा प्रॉब्लेम आहे’ एवढेच सांगून मालक मोकळे होतात, हे खेदाचे आहे.

इंजिन पेटत नसेल तर सर्वांत आधी हँडलवरचे लाल बटण पाहावे. मुलाने खेळता खेळता ते बंद केलेले असते, आणि घामाघूम होईपर्यंत किक मारली जाते. पुष्कळ नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असेल तर इंजिन चालूच होत नाही; त्या स्टँडजवळचा स्विच चिखलाने भरला की स्टँड वर असूनही तो खालीच आहे असे गाडीला वाटते. या भागातील काळी माती पावसाळ्यात जेथे बसते तेथून निघत नाही, त्यामुळे हा दोष येथे विशेष संभवतो. हे दोन्ही ठीक असतील तर प्लग काढून, त्याला कॅप लावून, त्याचे धातूचे अंग इंजिनला टेकवून किक मारावी. निळसर, ठसठशीत ठिणगी पडली तर करंट ठीक आहे. ठिणगी क्षीण आणि तांबूस असेल तर प्लग किंवा त्याची कॅप बदलून पाहावी. प्लगच्या छिद्रातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून ही ठिणगी त्या छिद्रापासून दूर पाडावी.

सेल्फचे बटण दाबल्यावर नुसतेच टक-टक होत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. टर्मिनल आधी पाहावे. त्यावर पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुवावी, कोरडी करावी, घट्ट आवळून वर थोडे व्हॅसलीन लावावे. तार सोडताना ऋण बाजूची आधी सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पाना चुकून सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडत नाही.

फ्यूज हा या सगळ्यातील सर्वांत प्रामाणिक नोकर. स्वतः जळून तो पुढची तार वाचवतो. त्याच्या डबीत पुष्कळदा एक जादा फ्यूज कंपनीनेच ठेवलेला असतो, पण वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्यालाही तो ठाऊक नसतो. बदललेला फ्यूज टिकला तर प्रवास सुरू करावा. तो लगेच पुन्हा जळला तर कोठेतरी तार उघडी पडून सांगाड्याला टेकते आहे. अशा वेळी सिगारेटच्या पाकिटातील चांदी किंवा तांब्याची तार फ्यूजच्या जागी अडकवणे हा रस्त्यावरचा सर्रास उपाय आहे आणि तो अत्यंत वाईट आहे. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते, क्वचित गाडीही. जाणता कारागीर तेथे इंडिकेटरचा एक जुना बल्ब जोडतो. शॉर्ट असेल तोवर बल्ब प्रखर पेटतो, पण काही जळत नाही. मग एकेका शाखेचा कपलर सोडत जायचे. जो सोडताच बल्ब विझतो किंवा मंदावतो, त्या शाखेत दोष. ही तार पुष्कळदा हँडलच्या मानेजवळ सापडते, कारण हँडल दर वळणावर तेथल्या तारा घासतो. हँडल डावीकडे वळवताच इंजिन बंद पडत असेल, तर अन्यत्र शोधण्याची गरज नाही.

उंदरांचेही एक सांगितले पाहिजे. धान्याच्या दुकानामागे किंवा गोदामात गाडी लावणाऱ्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात. विषाचा मार्ग आपल्या घरांत कोणी धरणार नाही आणि धरूही नये. गाडी धान्यापासून दूर, उजेडाच्या जागी लावणे, दोन-चार दिवसांनी ती हलवणे आणि उघड्या तारांवर जाड नळी चढवणे, एवढ्याने बरेच भागते.

गाडी धावता धावता गरम झाल्यावर बंद पडते, अर्धा तास सावलीत उभी केली की निमूट चालू होते, आणि पुन्हा दहा-पंधरा किलोमीटरवर थांबते. हा बिघाड सर्वांत फसवा, कारण गॅरेजमध्ये गाडी थंड होऊन पोचते आणि तेथे सगळे ठीक दिसते. कॉइल किंवा सीडीआय तापल्यावर आतून तुटक होतो, हे त्याचे नेहमीचे कारण. अशा मालकाने कारागिराला ‘बंद पडते’ असे न सांगता ‘किती अंतरानंतर बंद पडते आणि किती वेळाने चालू होते’ हे सांगावे.

बॅटरीचा खरा हिशेब मल्टिमीटर सांगतो. काही शे रुपयांत मिळणारे हे यंत्र दुकानातल्या तराजूइतकेच घरी असावे. गाडी काही तास उभी असताना १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन मध्यम वेगावर चालू ठेवून मोजले असता १३.५ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला पाहिजे. तो १२ च्या आसपासच रेंगाळला तर बॅटरी भरलीच जात नाही. नवी आणून बसवली तरी तीही चार दिवसांत उतरेल. मग मॅग्नेटकडून येणाऱ्या तारांचा कपलर उघडून पाहावा. तो पुष्कळदा तापून तपकिरी झालेला असतो. उलट आकडा १५ च्या वर चढत असेल तर रेग्युलेटर बिघडला. बल्ब वारंवार जातात आणि बॅटरीतले पाणी आटते. ज्या जुन्या बॅटऱ्यांत पाणी घालावे लागते त्यांत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. बोअरच्या पाण्यातील क्षार बॅटरीचे आयुष्य खातात, आणि परभणीचा चाळीस अंशांपलीकडचा उन्हाळा तर ते आधीच कमी करत असतो.

याच संदर्भात विहारसेवेचा विषय येतो. साधू-साध्वींचा विहार पायी, पुष्कळदा वाहत्या महामार्गाच्या कडेने होतो, आणि वाहनांच्या धडकेने झालेल्या दुर्घटनांच्या वार्ता समाजाने वारंवार सोसल्या आहेत. म्हणून तरुण मुले मोटारसायकली घेऊन मागे-पुढे चालतात. भल्या पहाटेच्या धूसर उजेडात पाठीमागून येणाऱ्या ट्रकला दिसतो तो या गाडीचा लाल दिवा. पण तासन्‌तास पावलांच्या गतीने चालणारी गाडी विजेच्या दृष्टीने तोट्यात चालते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनबरोबर कायम पेटता असतो. त्यात इंडिकेटर सतत लुकलुकत ठेवले, वर जादा एलईडी दिवा जोडला, की मंद वेगावर मॅग्नेट जेवढी वीज देते त्याहून खर्च अधिक होतो. उरलेली वीज बॅटरीतून जाते. दोन-तीन तासांनी मागचा दिवा मंदावतो, आणि चालवणाऱ्याला तो दिसत नाही, कारण तो त्याच्या पाठीशी असतो.

याला उपाय खर्चाचा नाही. सेवेच्या आदल्या रात्री बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी. मागचा दिवा आणि ब्रेकचा दिवा दुसऱ्याला उभे करून तपासावा. पावलोपावली रेंगाळण्यापेक्षा गाडीने अंतर राखून टप्प्याटप्प्याने पुढे जावे आणि मध्ये इंजिनला थोडा वेग मिळू द्यावा. लुकलुकणाऱ्या इशाऱ्यासाठी स्वतंत्र सेलची बॅटरी आणि अंगावर चमकपट्ट्यांचे जाकीट असावे. गाडीवर तो भार घालू नये. जादा दिवे लावायचेच असतील तर रिले आणि स्वतंत्र फ्यूज घालून लावावेत, मूळ तार सोलून चिकटपट्टी गुंडाळलेले जोड नकोत.

जुन्या-नव्या गाड्यांतील एक फरक वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावा. बुलेटच्या हेडलाईटवरच अँपिअरचा काटा असे. वीज भरते की उतरते हे तो चालता चालता सांगे. पुढे आलेल्या पुष्कळ लहान गाड्या बॅटरी मेलेली असतानाही किकवर चालू होत, कारण प्लगचा करंट थेट मॅग्नेटमधून येई. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींत पेट्रोल पंपाने व संगणकाने सोडले जाऊ लागले. या गाड्यांना बॅटरीत थोडी तरी वीज लागतेच. अगदी उतरलेल्या बॅटरीवर ढकलून काही उपयोग होत नाही. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटून राहिला, तर तेथे घरगुती शोध थांबवावा. त्यापुढचे वाचन कंपनीच्या यंत्रानेच होते.

देवगाव फाट्यावर असा प्रसंग आलाच, तर सेलू आणि जिंतूर अशा दोन बाजारपेठा रस्त्याच्या दोन टोकांना आहेत. गाडीबरोबर दोन योग्य अँपिअरचे फ्यूज, एक प्लग, प्लगपाना, स्क्रूड्रायव्हर, सँडपेपरचा तुकडा, चिकटपट्टी आणि हातभर वायर इतके सीटखालच्या जागेत मावते. टर्मिनल पाहणे, फ्यूज पाहणे, लाल बटण, साइड स्टँड आणि प्लग, या पाच गोष्टींना सवय असलेल्या हाताला पंधरा मिनिटे लागतात. तेवढ्यात गाडी चालू झाली नाही, तर जोडीदाराला मिळेल त्या एसटीने पुढे पाठवावे आणि गाडी टेम्पोत घालून सेलूला न्यावी.